नाण्याएवढी जाडी

"बाबा, मला एक सुरी करायची आहे," मुलगी म्हणाली, आणि बायको हातातला कप तसाच धरून उभी राहिली.

"विकतची नको. स्वतः करायची. पोलादाच्या पट्टीपासून, तुझ्याबरोबर."

कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून आम्ही 'नको' सोडून दुसरा शब्द ऐकला नव्हता. पाव नको, अंडं नको, दूध नको, मैत्रिणीचा फोन नको, खिडकी उघडायला नको. आता ती स्वतःहून काहीतरी मागत होती. तिने तोफ मागितली असती तरी मी ओतायला घेतली असती.

"सुरीच का पण?" बायकोने विचारलं. आवाजात काळजी होती आणि ती तिने लपवलीही नाही.

"भाजी चिरायला. तुझ्यासाठी," मुलगी म्हणाली.

बायकोने कप ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी आधीच मनातल्या मनात कपाटातल्या कानशी काढून पुसायला लागलो होतो.

मी साच्यांचं काम करतो. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं ज्या पोलादी साच्यातून पटापट बाहेर पडतात, ते साचे करणारा माणूस मी. केसाच्या जाडीवरून भांडण उकरून काढायची मला सवय आहे, म्हणून मेहुण्याने माझं नाव 'मायक्रॉन' ठेवलंय, आणि तो ते चारचौघांत मोठ्याने घेतो. साचा बिघडला की आमच्याकडे कारण शोधतात. कारण असतंच. सापडलं नाही, तर तुम्ही नीट पाहिलं नाहीत, असा त्याचा अर्थ. मुलीचं जेवण सुटलं तेव्हा मी तसाच कारण शोधत बसलो. शाळेत कुणी काही बोललं का? लहानपणी ती गुटगुटीत होती, माझी बहीण तिला लाडाने 'ढब्बू' म्हणायची, ते लागलं का? बायकोने तर त्यावरून माझ्या बहिणीशी बोलणंच टाकलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "हा आजार आहे, हट्ट नाही. कारण शोधण्यात जीव घालवू नका. तिला खायला लावा, आणि खाल्लेलं अंगी लागू द्या. धावणं बंद, दोरीवरच्या उड्या बंद, विनाकारण जिने चढणं-उतरणं बंद. वजनाचा काटा असाच खाली जात राहिला तर तिला दाखल करून घ्यावं लागेल."

दाखल म्हणजे काय ते मुलीने पाहिलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर तिच्याच वयाची एक मुलगी नाकात नळी घालून भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. परतताना आमची पोर गाडीत म्हणाली, "बाबा, मला तिथे नका हं ठेवू." मी म्हणालो, "छे गं." मुळात ते माझ्या हातात नव्हतंच, पण बाप म्हणून असं काहीतरी म्हणावं लागतं.

तर सुरी. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांना कल्पना आवडली. हाताला काम, मनाला विसावा, बापलेकीला एकत्र वेळ. बायकोने फक्त एक अट घातली. ताट रिकामं केलं तरच मागच्या शेडची किल्ली मिळणार. मुलगी एका क्षणात "बरं" म्हणाली. पूर्वी एका अंड्यावरून आमच्याकडे तासभर रणधुमाळी चालायची. त्या दिवशी ती अंडं, पाव, दूध, सगळं संपवून उठली आणि हात पुसत म्हणाली, "चल बाबा."

बायको ओट्याशी पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मी शेडकडे पळालो, नाहीतर मीही तिथेच रडलो असतो.

शेड म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. एक लाकडी टेबल, त्यावर काम घट्ट पकडून ठेवणारा वडिलांच्या वेळचा व्हाइस, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली हत्यारं, आणि एका कोपऱ्यात मी कारखान्यातून मागून आणलेले पोलादाचे तुकडे. मुलीने कागदावर सुरीचा आकार काढला. बायकोच्या तळहाताचं माप घेऊन मुठीची लांबी ठरवली. कागद पट्टीवर चिकटवून आम्ही करवतीने बाहेरचा आकार कापला. आमची ही पट्टी बोटभर कापून होईपर्यंत शेजाऱ्याचा बंगला बांधून झाला असता, असं मी म्हणालो. ती हसली. खरोखर हसली, दात दिसतील इतकी.

मग कानस. कानस मारणं म्हणजे पोलाद खरवडणं, असं बघणाऱ्याला वाटतं. तसं नसतं ते. पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना उचलायची. खांदा, कंबर, पाय, सगळं त्या लयीत आलं पाहिजे. माझ्या हाताखाली नवीन आलेली पोरं पहिले काही आठवडे नुसती कानस मागेपुढे ओढतात आणि दात बोथट करून ठेवतात. हिला एकदा दाखवलं आणि आलं. पात्याचा उतार दोन्ही बाजूंनी असा सारखा उतरत गेला की मी चष्मा काढून पुन्हा लावला. कारखान्यात जाऊन मी ज्याला त्याला सांगत सुटलो. पोरीचा हात आहे, म्हणालो. माझा नाही, माझ्या बापाचा हात आहे तिला.

शेडमध्ये ती बोलायची. घरात मुकी, शेडमध्ये पोपट. पोलाद तापलं की रंग का बदलतं, लोहचुंबक कशाला चिकटतं, तू लहानपणी आजोबांना घाबरायचास का, आईला पहिल्यांदा कुठे पाहिलंस. मी उत्तरं देत राहायचो आणि मनात म्हणायचो, ही सुरी कधीच पुरी होऊ नये.

एक गोष्ट मी तिला सुरुवातीलाच सांगून ठेवली होती. "हे बघ, पात्याला पाणी द्यायच्या, म्हणजे तापवून, बुडवून कडक करायच्या आधी धारेची कड पातळ करायची नाही. नाण्याएवढी जाडी राहू द्यायची. फार पातळ कड भट्टीतून काढून बुडवली की ती वाकते, नाहीतर चिरते. धार नंतर लावायची, सावकाश, दगडावर."

"पाणी देतात की पाजतात?"

"म्हणताना पाणी म्हणायचं आणि प्रत्यक्षात तेल द्यायचं. आमच्या धंद्यात सगळं असंच असतं."

"आणि मग कानस नाही मारायची?"

"मारलीस तरी लागणार नाही. पोलाद एकदा कडक झालं की कानस नुसती घसरते."

यावर ती हातातल्या कानशीकडे बघत राहिली. माझ्या ते लक्षात आलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही.

मी कामावर गेलो की दुपारी ती एकटीच शेडमध्ये असायची. बायको अर्धा दिवस औषधांच्या दुकानात बसते, दुपारी घरी येते. ती सांगायची, "जेवली की लगेच जाते. तो कर्र कर्र आवाज सुरू झाला की मला इतकं बरं वाटतं! जरा डोळा लागतो माझा." कित्येक महिन्यांनी बायकोचा डोळा लागत होता. कर्र कर्र आवाज म्हणजे आमच्या घरची अंगाईच झाली होती म्हणा ना.

आणि मग दवाखान्यात काटा खाली गेला.

डॉक्टरीणबाईंनी काटा पुन्हा तपासला. बायको म्हणाली, "अहो, पण ती जेवते! माझ्या समोर बसून जेवते!" घरी आल्यावर तिने सगळं घर पालथं घातलं. कपाटामागे, गादीखाली, कचऱ्याच्या डब्यात, मुलीच्या खिशांत. काही सापडलं नाही. मुलगी दारात उभी राहून बघत होती, आणि आईला शोधू देत होती. शेवटी बायको जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मग जातं कुठे ते?" ती मला विचारत होती. पुढच्या खेपेला काटा याच्याही खाली दिसला तर दाखल, असं डॉक्टरीणबाईंनी आज स्पष्ट सांगितलं होतं. नळीवाल्या मुलीचा विषय कुणीच काढला नाही.

मी शेडमध्ये गेलो. दुसरं काही सुचत नाही तेव्हा मी तिथे जातो. पातं व्हाइसमध्ये धरलेलं होतं. खाली फरशीवर लोखंडाचा कीस पडला होता, थोडाथोडका नाही, ढीग. मी पातं सोडवून हातात घेतलं आणि ते मला हलकं वाटलं. सवयीने जाडी मोजायचा व्हर्निअर काढून लावला. कड नाण्याएवढी कसली, वहीच्या पुठ्ठ्याएवढीही नव्हती. आणि नुसती कडच नाही. पाठ, पोट, मुठीत जाणारा भाग, सगळीकडून पोलाद उतरलं होतं. ज्या जागी कुणी कानस लावायचं काही कारणच नाही, तिथेही. काम म्हणून पाहिलं तर ते वेड्यासारखं होतं. पण चूक म्हणावी तर हात कुठेही चुकला नव्हता. सगळं सारखं, सपाट, सुंदर.

मी शिकाऊ होतो तेव्हा आमच्या वस्तादाने मला एक चौकोनी ठोकळा कानशीने सरळ करायला दिला होता. दिवसभर उभं राहून. संध्याकाळी घामाने शर्ट अंगाला चिकटलेला असायचा आणि भुकेने पोटात कावळे ओरडायचे. त्या उन्हाळ्यात माझी पँट कमरेवर राहीना, आईने पट्ट्याला नवीन भोकं पाडून दिली होती. कानस मारणं हे हमालीइतकंच कष्टाचं काम आहे. हे मला माहीत नाही तर कुणाला माहीत? धावणं बंद, उड्या बंद, जिने बंद, असं सांगणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात कानस कशी येणार! पण मी? मी तर तिला उभं कसं राहायचं, खांदा कसा घालायचा, तेही शिकवलं होतं.

मी स्टुलावर बसलो.

ती मागून आली. माझ्या हातात पातं आणि व्हर्निअर पाहिलं आणि तिला कळलं.

"सुरीसाठी मारत नव्हतीस ना गं कानस?" मी विचारलं.

तिने पायाने फरशीवरचा कीस एका बाजूला सारला. मग म्हणाली, "सुरीसाठी पण."

"आणि?"

"जेवल्यावर बसवत नाही बाबा. आत असं काहीतरी होतं ना... ते उतरेपर्यंत हात थांबतच नाही. मी ठरवते, आता बस. नाही थांबत."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू शेड बंद केली असतीस."

खरं होतं. केली असती.

"आईला सांगू नकोस," ती म्हणाली. "सुरी झाली की थांबेन. शप्पथ."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. सांगावं तर बायको त्याच क्षणी शेडला कुलूप घालणार, पोर पुन्हा तोंड मिटून बसणार, ताट पुन्हा भरलेलं परत जाणार. न सांगावं तर मी तिच्या हातात कानस देणारा बाप. माणूस अशा वेळी फार मोठा विचार करतो असं नाही. मी साचेवाला आहे, मी साचेवाल्यासारखा विचार केला. ती सुरी झाली की थांबेन म्हणते आहे. पात्याला पाणी दिलं की त्यावर कानस लागत नाही. म्हणजे पाणी आजच द्यायचं. पोलादच कडक करून टाकायचं, म्हणजे तिच्या हातातलं काम आपोआप संपेल. कड फार पातळ आहे, चिरेल, हे मला दिसत होतं. तरी मी स्वतःला म्हणालो, जमेल. इतक्या वर्षांच्या कामात असं 'जमेल' म्हणणाऱ्या किती पोरांना मी झापलं असेल, त्याचा हिशेब नाही.

"चल, आजच पाणी देऊ," मी म्हणालो.

"पण अजून..."

"अजून काही नाही."

विटा रचून केलेली छोटी भट्टी, गॅसचा बर्नर, डब्यात गरम केलेलं तेल. दिवेलागणीची वेळ होती. मी दिवा लावला नाही, पात्याचा रंग नीट दिसावा म्हणून. ती माझ्या शेजारी चामड्याचे हातमोजे घालून उभी. ते तिच्या हातांवर बादलीसारखे लोंबत होते. पातं आधी काळपट, मग लालसर, मग उजळ लाल. मी दोन वेळा लोहचुंबक जवळ नेलं. दुसऱ्या वेळी ते चिकटलं नाही, म्हणजे पोलाद हवं तेवढं तापलं होतं. "आता," मी म्हणालो. तिने सांडशीने पातं बाहेर काढलं आणि सरळ, न डगमगता, तेलात उतरवलं. तेल उसळलं, धूर झाला.

आणि त्या धुरातून एक बारीकसा आवाज आला. टिंग.

ज्याने तो आवाज एकदा ऐकलाय त्याला डोळ्यांनी बघावं लागत नाही. तरी मी पातं काढलं, पुसलं, दिवा लावून धरलं. कडेपासून निघालेली चीर पाठीपर्यंत गेली होती. मी बोटाने नुसतं दाबलं आणि टोकाकडचा तुकडा माझ्या हातात आला.

मी तिच्याकडे बघायला भीत होतो. इतकी मेहनत, आता ही रडेल, आता कोसळेल. मी वर पाहिलं. तिचे डोळे चमकत होते. पाण्याने नाही, आनंदाने.

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल ना?" ती म्हणाली. तिची नजर कोपऱ्यातल्या पट्ट्यांवर गेली होती. "ती जाड घेऊ या या वेळी. सगळ्यात जाड."

माझ्या आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

दारात बायको आली. सकाळपासून रडून तिचे डोळे सुजले होते. "झाली का सुरी?" तिने विचारलं.

"चिरली," मुलगी म्हणाली. "पण दुसरी करणार आहोत. उद्यापासूनच."

"करा, करा," बायको म्हणाली, आणि तशाही चेहऱ्याने हसली. "निदान त्या निमित्ताने चार घास पोटात तरी जातात."

मुलगी माझ्याकडे बघत होती. ती घाबरलेली दिसत नव्हती. मला वाईट वाटलं ते याचं. तिला खात्री होती की मी बोलणार नाही. आपला बाबा आपल्या बाजूचा आहे, ही तिची खात्री. इतक्या दिवसांत तिच्याकडून मला तेवढीच एक गोष्ट मिळाली होती.

मी सांगितलं.

सगळं सांगितलं, बायकोच्या डोळ्यांत बघून, मुलीकडे न बघता. जातं कुठे ते विचारत होतीस ना, ते इथे जातं. फरशीवरच्या किसाकडे मी बोट दाखवलं. बायकोला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग व्हाइसकडे, मग पोरीच्या दंडांकडे, आणि "अगं बाई" एवढंच म्हणून दाराची चौकट धरली.

मुलीने हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. "बरं," ती म्हणाली. ओरडली नाही, काही फेकलं नाही. आमच्या दोघांच्या मधून वाट काढून घरात गेली आणि जिना चढून तिच्या खोलीत गेली. दार लावल्याचा आवाजसुद्धा हळूच आला.

मी सगळ्या कानशी उचलून कापडात गुंडाळल्या. करवत, पट्ट्या, पॉलिशपेपर, जे जे घासता येईल ते सगळं. शेडला कुलूप घातलं, किल्ली बायकोच्या हातात दिली. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन करायचा, त्या दाखल करा म्हणाल्या तर करायचं, असं ठरलं. बरंच काही केल्यासारखं वाटलं. बायको म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." तिने माझा हात हातात घेतला. आम्ही स्वयंपाकघरात तसेच बसलो.

तेवढ्यात डोक्यावरचं छत वाजायला लागलं. धप, धप, धप. अगदी एकसारखं. वरच्या खोलीत ती जागच्या जागी उड्या मारत होती.

बायको ताडकन उठली. "थांबवा तिला!"

मी जिना चढलो. दार आतून लावलेलं होतं. धडका मारून ते तोडता आलं असतं, माझ्या खांद्यात तेवढा जोर आहे. पण तोडून आत जाऊन करू काय? कानस काढून घेता येते, किल्ली लपवता येते. पाय कसे काढून घ्यायचे? तिला मिठीत धरून ठेवेन रात्रभर, उद्या धरेन, परवा? मी दारावर हलकेच बोटं वाजवली.

"बाळा, मी आत येऊ?"

"दोन मिनिटं बाबा," आतून उत्तर आलं. दम लागलेला होता, पण आवाज शांत, गोड, एखाद्या कामात गुंतलेल्या माणसाचा असतो तसा. "झालं की उघडते."

मी दाराबाहेर उभा राहिलो. आतले पाय थांबले नाहीत.